बोटीतला ऑइल फिल्टर हाताशी आणताना

इंजिनाचं तेल बदलायला अर्धा तास पुरतो. पण फिल्टरपाशी हातच जात नसेल तर दुपार जाते, आणि एकदा दुपार गेली की पुढच्या खेपेला माणूस नुसतं तेल बदलतो अन् फिल्टर तसाच ठेवतो. बोटींच्या बाबतीत हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता बोट कामाला आली की आधी फिल्टर कुठं आहे तेच बघतो.

माझं पैठणला डिझेल इंजिनाचं काम. पंप, ट्रॅक्टर, जनरेटर जास्त; नाथसागरावर मासे गोळा करणाऱ्या फायबरच्या बोटी वर्षाकाठी दोन-चार. त्यात बहुतेक ट्रॅक्टरच्याच जातीचं दोन-तीन सिलिंडरचं इंजिन असतं. ट्रॅक्टरवर या इंजिनाच्या दोन्ही बाजू मोकळ्या असतात, फिल्टर उभ्याउभ्या निघतो. तेच इंजिन बोटीच्या पोटात उतरवलं की फिल्टर नेमका इंजिनाचा पाया आणि बोटीची कड यांच्या बेचक्यात जातो.

ज्या बोटीवरून हे लिहितोय तिच्या मालकाला आम्ही सगळे मामा म्हणतो. फिल्टर आडवा, तोंड इंजिनाकडं, बूड फायबरच्या भिंतीकडं, मध्ये चार बोटं जागा. वरून सायलेन्सरचा तापलेला पाइप. मामांनी तीनदा तेल बदललं होतं, फिल्टर एकदाही नाही. विचारलं तर म्हणाले, "आरं, तेल नवं घातलं म्हंजी फिल्टर बी नवाच झाला की. अन् हात कुठून घालू ते तूच सांग." फिल्टर पाना बसेना, चेन पाना फिरेना. शेवटी स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून फिरवला, तेव्हा कुठं सुटला. आणि त्यातलं सगळं काळं तेल बोटीच्या तळात गेलं.

हे तळातलं तेल साधी गोष्ट नाही. तळाचं पाणी उपसणारा पंप ते सरळ जलाशयात फेकतो. १९७६ साली जायकवाडी धरण पूर्ण झालं, त्याच्या मागं हा नाथसागर पसरलाय. छत्रपती संभाजीनगर आणि जालना ही दोन शहरं यातलंच पाणी पितात. त्या दिवशी पंपाची वायर काढून ठेवली आणि तळ कापसानं टिपून घेतला. न धुतलेल्या, न पिंजलेल्या कापसाच्या अंगचं मेण पाण्याला लांब ठेवतं आणि तेल धरतं, म्हणून वर्कशॉपच्या चिंध्यांपेक्षा तो बरा. आपल्याकडं तो मागितला तर कुणीही ओंजळभर देतं.

मग ठरलं, फिल्टर हलवायचा.

हलवायची खरंच गरज आहे का

फिल्टर हलवणं म्हणजे इंजिनाच्या तेलाच्या वाटेत दोन होज, म्हणजे जाड रबरी नळ्या, आणि सहा-आठ जोड नव्यानं घालणं. प्रत्येक जोड ही गळायची नवी जागा. म्हणून आधी दोन सोपे उपाय बघा. एक, फिल्टरच्या समोरच्या फळीत किंवा सीटखाली झाकणाचं भोक पाडून हात जातो का? जात असेल तर तेवढंच करा, साधं प्लास्टिकचं झाकण पुरतं. दुसरं, हात जातो पण तेल सांडतं, एवढीच तक्रार असेल तर फिल्टर अर्धा आटा ढिला करा, त्यावर जाड प्लास्टिकची पिशवी चढवा, आणि पिशवीतच फिरवून काढा. काम झालं.

इंजिन वॉरंटीत असेल तर डीलरला विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि फिल्टर डब्याच्या आतल्या कागदी काडतुसाचा असेल, म्हणजे बाहेरून पूर्ण डबाच फिरवून बदलायचा प्रकार नसेल, तर खालची पद्धत तशीच्या तशी चालत नाही.

तेल कुठून येतं, कुठं जातं

जुना फिल्टर काढला की त्याचं तोंड नीट बघा. मधोमध आट्यांचं मोठं भोक, भोवती गोल मांडलेली बारीक भोकं, आणि कडेला रबर रिंग. पंपाकडून आलेलं मळकं तेल बाहेरच्या बारीक भोकांतून आत शिरतं, कागदातून गाळून मध्ये येतं आणि मधल्या भोकातून इंजिनाच्या गॅलरीत, म्हणजे आतल्या तेलाच्या मुख्य वाटेत, जातं. तिथून बेअरिंगला. बहुतेक फिल्टरांत बारीक भोकांच्या आतून रबराची एक पातळ चकती असते. इंजिन बंद असताना ती तेल मागं वाहू देत नाही.

आता दोन होज उलटसुलट जोडले तर काय होईल ते या चकतीवरूनच कळतं. तेल मधल्या भोकातून शिरून बाहेरच्या भोकांतून निघायला बघेल आणि ही चकती त्याला अडवून धरेल. इंजिन सुरू होईल, आवाजही गोड येईल, आणि बेअरिंग कोरडं फिरत राहील. या सगळ्या कामात महागात पडणारी अशी चूक हीच, आणि ती करायला दोन सारख्या दिसणाऱ्या काळ्या नळ्या पुरतात.

म्हणून होज हातात आले की पहिलं काम रंगाचं. फिल्टरकडं जाणाऱ्या होजच्या दोन्ही टोकांना पिवळा पट्टा, फिल्टरकडून इंजिनाकडं परत येणाऱ्याच्या दोन्ही टोकांना लाल. इंजिनावर जुन्या फिल्टरच्या जागी बसतो त्या ॲडॅप्टरच्या भोकांनाही तेच रंग. भिंतीवर जिच्यात नवा फिल्टर बसतो त्या बैठकीवर, म्हणजे फिल्टर हेडवर, बाण कोरलेला असतो, पण त्यावर भरवसा ठेवू नका. फिल्टर न लावता हेडच्या एका भोकात तोंडानं फुंका. हवा बाहेरच्या गोलातून आली तर ती तेल आत जायची वाट, पिवळी. मधल्या नळीतून आली तर लाल. इंजिनाकडच्या ॲडॅप्टरलाही असंच फुंकून बघायचं, फक्त तिथं अर्थ उलटा: बाहेरच्या गोलाशी जोडलेलं भोक म्हणजे इंजिनातून तेल बाहेर यायची वाट, तेही पिवळं.

सामान आणि आट्यांची भानगड

लागतं एवढंच: इंजिनावर जुन्या फिल्टरच्या जागी बसणारा ॲडॅप्टर, भिंतीवर बसणारं फिल्टर हेड, दोन होज, त्यांचे जोड, हेडसाठी पट्टी, आणि इंजिनाला चालतो तोच फिल्टर.

ॲडॅप्टर घेताना जुना फिल्टर सोबत न्या. आटे मोजायचे. फिल्टरच्या आट्यांमध्ये पाऊण इंच व्यासाचा, इंचाला १६ आट्यांचा प्रकार खूप चालतो, तसेच २० आणि २२ मिलिमीटर व्यासाचे, दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतराचे. २० मिलिमीटर आणि पाऊण इंच डोळ्याला सारखेच वाटतात, एखादा फेरा चढतातही. थ्रेड गेज लावल्याशिवाय पैसे देऊ नका. आटे जुळले तरी ॲडॅप्टरची रबर रिंग इंजिनाच्या सपाट जागेवर पूर्ण बसते का, ते कॅलिपरनं बघायचं.

दुसरी भानगड होजच्या जोडांची. बाहेरून मागवलेल्या किटमध्ये जोडाचे आटे अमेरिकी निमुळते असतात, आणि आपल्या बाजारात हायड्रॉलिकचे जोड बहुतेक ब्रिटिश पाइप आट्यांचे. अर्ध्या इंचाच्या मापात या दोन्हींना इंचाला १४ च आटे. म्हणून ते एकमेकांत जातात, घट्टही होतात. पण एकाच्या आट्याचा कोन ६० अंशाचा, दुसऱ्याचा ५५. इंजिन थंड असताना थेंबही येत नाही. तेल तापलं की जोड रडायला लागतो. मग माणूस आणखी आवळतो आणि ॲल्युमिनियमचं हेड तडकतं. किट जिथलं, जोड त्याच आट्यांचे घ्या. नाहीतर दोन्ही बाजू सरळ आट्यांच्या आणि बाँडेड वॉशरच्या (धातूच्या कड्यात रबर बसवलेला वॉशर) घ्या. मला दुसरं जास्त पसंत आहे, कारण तिथं तेल अडवायचं काम वॉशर करतो, आटे नाहीत.

टेफ्लॉन टेप या कामात वापरायची नाही. टेपचा सुटलेला तुकडा आत गेला तर थेट तेलाच्या बारीक भोकात जाऊन बसतो. निमुळते आटे असतील तर द्रव सीलंट, तोही पहिले दोन आटे सोडून.

एक गोष्ट आणखी विचारून घ्या: बायपास कुठं आहे? फिल्टर तुंबला किंवा तेल गार आणि जाड असलं, तर इंजिनाला तेल मिळावं म्हणून एक झडप उघडते. काही इंजिनांत ती फिल्टरमध्येच असते, काहींत फिल्टर बसतो त्या जागी ब्लॉकमध्ये. ब्लॉकमध्ये असेल तर ॲडॅप्टर ती झाकत तर नाही ना, हे ॲडॅप्टर नुसतं टेकवून बघायचं. दोन ठिकाणी बायपास असला तर चालून जातं. कुठंच नसला तर नाही.

जागा मोकळी मिळाली की लोकांना ट्रकचा मोठा फिल्टर लावायची हौस येते. दुकानदार आटे जुळवून देतोही. पण आतली झडप किती दाबाला उघडते, उलट वाहू न देणारी चकती आहे का, हे बाहेरून दिसत नाही. आणि हायड्रॉलिकचा फिल्टर तर दिसायला अगदी तसाच असला तरी मुळीच लावू नका. इंजिनाच्या पुस्तकात जो नंबर आहे तोच फिल्टर.

होज

इथं मराठवाड्यात आपण नशीबवान आहोत. बोटीचं सामान मिळायला मुंबई गाठावी लागते, पण हायड्रॉलिक होज दाबून देणारं दुकान तालुक्याच्या गावाला सापडतं. जेसीबी, पोकलेन, ट्रॉलीचे जॅक, ऊस तोडायची मशिनं, सगळ्यांना तेच लागतात. वाळूजच्या एमआयडीसीत तर काय हवं ते.

दाबाची काळजी करू नका. इंजिन ऑइलचा दाब थंडीत सुरू करताना सहा-सात बारच्या वर सहसा जात नाही. अर्ध्या इंचाचा एका तारेच्या जाळीचा होज १६० बारचा असतो. प्रश्न तापमानाचा. साधा हायड्रॉलिक होज १०० अंशांपर्यंतचा. वैशाखात, वर ४२ अंशांचं ऊन आणि बोटीत माशांचे क्रेट भरलेले असताना चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं, तेल ११० ला जाऊ शकतं. म्हणून १२० अंश किंवा त्याहून जास्त सोसणारा होज मागा, आणि दुकानदार "चालतंय की" म्हणाला तरी होजवर छापलेला प्रकार वाचून त्याची मर्यादा बघा. पाण्याचा किंवा डिझेलचा रबरी पाइप आणि वर पट्टीचा क्लिप, हा प्रकार तर करूच नये. होज निसटला तर चेंबरमधलं सात लिटर तेल मिनिटभरात बाहेर.

आतला व्यास: पन्नास-साठ एचपीपर्यंत अर्धा इंच. त्याहून बारीक नको, मोठ्या इंजिनाला पाऊण इंच बरा. काटकोनी एल्बो शक्यतो टाळा. वळण घ्यायचंच तर लांब गोलाईचं टोक दाबून घ्या. होजलाही मोडून वळवता येत नाही. अर्ध्या इंचाच्या तारेच्या होजची गोलाई साधारण सात इंच त्रिज्येपेक्षा कमी करायची नसते. घरी सुतळीनं वाट आखून लांबी मोजली आणि ही सात इंची गोलाई विसरलात तर होज अपुरा पडतो. मी सुतळी वापरतच नाही, बागेचा जाड पाइप वापरतो. तो स्वतःच सांगतो कुठं वळायचं नाही ते.

लांबी जितकी कमी तितकी बरी. मीटरभराच्या आत दोन्ही बसले तर उत्तम. अर्ध्या इंचाच्या होजमध्ये मीटरला साधारण सव्वाशे मिलिलिटर तेल मावतं, म्हणजे ऐंशी सेंटिमीटरचे दोन होज घेतले तर दोनशे मिलिलिटर तेल जास्तीचं धरा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो ती. पिवळ्या होजमध्ये काही घाण राहिली तर फिल्टर ती पकडतो. लाल होजमध्ये राहिली तर तिच्या आणि बेअरिंगच्या मध्ये कुणीच नाही. मूळ इंजिनात फिल्टरनंतरची वाट कारखान्यात धुतलेली, बंद. आपण तिथं बाजारातली नळी घालतोय.

होजच्या दुकानात नळी कापतात ती फिरत्या चकतीनं. चकतीचा भुसा, रबराची पूड, तारेचे तुकडे, सगळं नळीतच जातं. मग तशीच टोकं दाबून हातात देतात. जेसीबीच्या जॅकला ते चालून जातं. मामांचे होज आणले ते दिसायला नवेकोरे. परातीत पांढरा धडपा अंथरला, होज उभा धरला आणि वरून स्वच्छ डिझेल ओतलं. पहिल्या ओतीला धडप्यावर काळ्या मिरीच्या पुडीसारखी रबराची रवाळ पूड उतरली. दुसऱ्या ओतीला कमी. तिसऱ्याला फक्त डिझेल. मला वाटलं झालं. मग बारीक तारेला चिंधी बांधून होजमधून ओढली, तर चिंधीबरोबर एक चमकणारा तुकडा बाहेर आला, नखाएवढी लांब पोलादी तार. बोटात धरली तर टोचली. तीन वेळा डिझेल ओतूनही ती आतल्या रबराला चिकटून बसली होती. मामांनी ती तळहातावर घेतली, उन्हात धरली आणि म्हणाले, "ही आत गेली असती तर?" मी म्हटलं, "मामा, मग नवा क्रँकशाफ्ट घ्यायला तुम्हीच गेला असता."

तेव्हा क्रम हा: दुकानात टोकं दाबायच्या आधीच नळीतून हवा मारायला सांगा. घरी डिझेलनं धुवा, चिंधी ओढा, पुन्हा धुवा, पुन्हा चिंधी, ती पांढरीच्या पांढरी येईपर्यंत. हवा मारून वाळवा आणि लगेच दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या टोप्या लावा. टोप्या नसतील तर प्लास्टिकचा कागद आणि रबर बँड; चिंध्या कोंबू नका, त्यांचे धागे आत राहतात. ॲडॅप्टर आणि हेडही असंच धुवायचं. पट्टीला भोकं पाडणं, ग्राइंडर मारणं, रंग देणं हे सगळं होज उघडायच्या आधी आटपून घ्या.

जागा कुठली निवडायची

फिल्टर इंजिनावरच दुसरीकडं लावायचा मोह टाळा. आणि उलट, होज ताणून भिंतीला बांधू नका. इंजिन रबरी फाउंडेशनवर हलतं, सुरू-बंद होताना तर बोटभर उडी मारतं. बोटीची भिंत हलत नाही. होजला मध्ये सैल झोका हवा.

इंजिनाच्या कप्प्याच्या पुढच्या आडव्या भिंतीवर मामांच्या बोटीत जागा मिळाली. निवडताना मी हे बघतो: फिल्टर टांगता येतो का, म्हणजे तोंड वर आणि बूड खाली, असा फिल्टर काढताना सांडत नाही आणि आधी तेलानं भरून लावता येतो. खाली तसराळं सरकवायला जागा आहे का. गळती झालीच तर तेल सायलेन्सरवर, सेल्फ स्टार्टरवर किंवा अल्टरनेटरवर पडणार नाही ना. गरम पाइपपासून होज किमान वीतभर लांब राहतो का. राहत नसेल तर त्यावर उष्णता अडवणारी बाही चढवा. उंची इंजिनाच्या डोक्याच्या फार वर नको, नाहीतर रात्रभरात तेल खाली ओसरतं आणि सकाळी ऑइलचा दिवा विझायला वेळ लागतो.

फायबरच्या भिंतीत नुसते स्क्रू पिळू नका. आरपार बोल्ट, मागं प्लायची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी, मोठे वॉशर. भिंतीच्या पोटात लाकूड असेल तर भोकाच्या कडा सीलंटनं बंद करा, नाहीतर आत पाणी जाऊन लाकूड कुजतं. भरलेला फिल्टर दीड-दोन किलोचा असतो आणि वाऱ्यात लाटांवर बोट आदळते तेव्हा तो सगळं वजन त्या चार बोल्टांवर घेतो. आणि हो, बोटीच्या बाहेरच्या कवचाला भोक पाडायचं नाही. हे सांगायला लागू नये, पण एकदा सांगावं लागलं होतं.

बसवणं

सगळ्यात आधी, काहीही उघडायच्या आत, जुन्याच मांडणीत इंजिन गरम करून तेलाचा दाब मोजून घ्या. प्रेशर स्विच काढून तिथं घड्याळाचं गेज लावायचं. मामांच्या इंजिनाचा आकडा आला रिकाम्या चालीला १.४ बार, मिनिटाला १८०० फेऱ्यांना ३.६. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा. नंतर काम बरोबर झालं की नाही ते सांगायला दुसरं काही नाही.

मग बॅटरीची काळी वायर काढा, तेल रिकामं करा, जुना फिल्टर काढा. फिल्टर निघाला की त्याची रबर रिंग त्याच्यासोबतच आली ना, ते बघा. बऱ्याचदा ती इंजिनाला चिकटून राहते, आणि तिच्यावर दुसरी बसली की पहिल्याच चढत्या दाबाला दोन्ही सरकून तेलाचं कारंजं उडतं. बसायची जागा पुसा, बोट फिरवून खात्री करा.

ॲडॅप्टरच्या रिंगला तेलाचं बोट लावून तो हातानं बसवा आणि होजची तोंडं हवी तिकडं फिरवून मगच मधला बोल्ट किटमध्ये सांगितलेल्या जोरानं आवळा. होज लावताना दोन पाने लागतात: एक जोड धरायला, एक नट फिरवायला. एकाच पान्यानं आवळलं की होज पिळला जातो. होजवर लांबीभर छापलेली रेष असते; ती सरळ दिसली पाहिजे, स्क्रूसारखी फिरलेली नाही. ती फिरली असेल तर सोडून पुन्हा लावा, कारण दाब आला की होज सरळ व्हायला बघतो आणि नट ढिला करतो.

होज जिथं काठाला घासू शकतो तिथं प्लास्टिकचं स्प्रिंग गार्ड गुंडाळा, आणि रबर असलेल्या क्लॅम्पनं भिंतीला धरा. दोन होज एकमेकांवर घासत असतील तर तेही सहा महिन्यांत भोक पाडतात.

शेवटचा जोड लावायच्या आधी लाल होजमध्ये नवं तेल भरून घ्या. फिल्टरही भरा, पण बाहेरच्या बारीक भोकांतून. मधल्या भोकातून ओतलेलं तेल गाळलं जात नाही, आणि तेलाच्या डब्याच्या तोंडावर काय बसलंय कुणास ठाऊक. हळूहळू झिरपतं, पाच मिनिटं जातात, जाऊ द्या. फिल्टर रिंग टेकेपर्यंत हातानं, मग हातानंच पाऊण फेरा. पाना नाही.

पहिला सेल

चेंबरमध्ये नेहमीचं तेल भरा. आता स्टॉपची केबल ओढून धरून, म्हणजे इंजिन सुरू होऊ न देता, दहा-दहा सेकंद सेल मारायचा (स्टार्टर फिरवायचा), मध्ये मिनिटभर थांबायचं. तीन-चार वेळात गेजचा काटा हलला पाहिजे.

धूर ज्या बोटींत पाण्यासोबत बाहेर जातो, त्यात इथं एक फसगत आहे. सेल मारताना पाण्याचा पंप फिरतो आणि सायलेन्सरच्या डब्यात पाणी ढकलत राहतो. इंजिन सुरू नसल्यानं ते बाहेर फेकायला धूर नसतो. डबा भरला की पाणी उलटं सिलिंडरमध्ये. म्हणून नुसता सेल मारताना बाहेरच्या पाण्याचा कॉक बंद ठेवा. आणि इंजिन खरोखर सुरू करायच्या आधी तो उघडायला विसरू नका, नाहीतर पंपातली रबरी पाती जळते. मी चावीला लाल चिंधी बांधतो: चिंधी आहे तोवर कॉक बंद आहे.

काटा हलला, कॉक उघडला, चिंधी सोडली, मग इंजिन सुरू. पाच-सहा सेकंदांत गेजवर दाब चढला नाही तर लगेच बंद करा आणि पहिली शंका रंगांची घ्या: पिवळा पिवळ्याला आहे का? रिकाम्या चालीवर दोन मिनिटं, बॅटरीच्या उजेडात प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवून बघा. बंद करा, पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक बघा. होज-फिल्टरनं घेतलेलं तेल भरून काढा. मग पाण्यावर अर्धा तास ओझ्यासकट फिरवून आणा आणि गरम इंजिनाचे तेच दोन आकडे पुन्हा घ्या.

आमचे आले १.३ आणि ३.५. एवढा फरक होजमध्ये जातोच. अर्ध्या बारच्या वर घसरला असता तर मी होजचा आतला व्यास, एल्बो आणि बायपास, या क्रमानं शोधलं असतं.

या सोबतच एक काम करून टाका: ऑइलच्या दिव्याला बझर जोडा. उन्हात, पाण्याच्या चमकीत, तो लाल दिवा दिसत नाही. नवे जोड घातल्यावर कानाला कळणारी सूचना हवीच.

नंतर

पहिल्या दहा तासांनी सगळे जोड एकदा बघा, न गळणारा जोड मात्र उगाच आवळू नका. त्यानंतर प्रत्येक तेल बदलीला होजवर हात फिरवायचा: कुठं फुगलाय, कडक झालाय, तडा गेलाय. पाचेक वर्षांनी होज चांगले दिसले तरी बदला. जुनं तेल डब्यात भरून नोंदणीकृत तेल गोळा करणाऱ्याकडंच द्या. गावात कुंपणाच्या खांबांना फासायला मागतात, देऊ नका.

फिल्टरच्या वर भिंतीवर रंगानं लिहून ठेवा: फिल्टरचा नंबर, तेलाची प्रत, एकूण किती लिटर, आणि शेवटचा बदल किती तासांना. बोट दुसऱ्याच्या हातात गेली तर त्याला आणि त्याच्या मिस्त्रीला हेच लागतं.

मामांच्या बोटीत पुढची बदली पंचवीस मिनिटांत झाली, तळात थेंब नाही. पण फिल्टर हाताशी आला तो सगळ्यांच्याच हाताशी. दुसऱ्या महिन्यात गेलो तर माशांचा क्रेट त्यावर टेकवून ठेवलेला, हेडची पट्टी तिरकी झालेली. जालन्याच्या सळईचं एक छोटं कुंपण वेल्ड करून त्याभोवती बसवलं. मामांनी माझ्या अक्षराखाली स्वतः ब्रशनं लिहिलं, "हितं क्रेट टेकवू नये."